गैरहजर सूचक

रामनाथ मढवींच्या ओटीसमोर रस्ता आणि रस्त्यापलीकडे वडटेंभे ग्रामपंचायतीचं कार्यालय. मधे बावीस पावलं. ही बावीस पावलं रामनाथ तेरा वर्षांत एकदाही चालले नव्हते. घरपट्टी भरायला सून जायची, दाखला आणायलाही सूनच जायची. ती परत आली की रामनाथ चष्मा पुसून तो दाखला वाचायचे, त्यातल्या शुद्धलेखनाच्या चार-पाच चुका तिला दाखवायचे आणि म्हणायचे, ही माणसं गाव चालवतात.

भिवंडीजवळ, वळ गावाच्या पुढे खाडीच्या अंगाला असलेल्या या गावात ते अठ्ठावीस वर्षं मास्तर होते, त्यातली शेवटची अकरा मुख्याध्यापक. पंचायतीचे नऊच्या नऊ सदस्य त्यांच्या हाताखालून गेलेले. कुणाला सतराचा पाढा कधी आला नाही, कुणाला जोडाक्षर फोडता यायचं नाही, हे त्यांना अजून तोंडपाठ होतं. सरपंच हितेश तरे तर चौथीत शेजाऱ्याच्या पाटीवर बघून लिहायचा. आता त्याचं मुरुम-मातीचं काम होतं. दोन जेसीबी, सहा डंपर, आणि आसपासच्या गावांतली निम्मी गोदामं त्याच्याच भरावावर उभी. सात वर्षं तो सरपंच होता. रामनाथ मात्र त्याच्याकडे अजून पाटीवर डोळा ठेवणाऱ्या पोराकडे बघावं तसेच बघायचे.

चौऱ्याण्णव साली ते एकदा ग्रामसभेला गेले होते. शाळेच्या पडलेल्या भिंतीबद्दल दोन पानी निवेदन स्वच्छ अक्षरात लिहून नेलं होतं. वाचायला उभे राहिले, तर मागून कुणी तरी म्हणालं, "गुरुजी, हा वर्ग न्हाय, इथं शांतता मिळनार न्हाय." सगळे हसले. तेव्हाचे सरपंच पानाच्या तोंडाने हसले. रामनाथांनी कागदाची घडी केली, खिशात घातली आणि घरी आले. त्यानंतर वर्षातून चार वेळा समोर ग्रामसभा भरे आणि चारही वेळा ते रस्त्याकडची खिडकी लावून घेत.

खिडकी लावायचं कारण मुख्यतः धोंडूबाई. ही बाई तळ्याआळीत राहायची, भिवंडीच्या बाजारात भाजी आणि सुकट विकायची, अंगठा उठवायची, आणि एकही ग्रामसभा चुकवायची नाही. तिचा आवाज रस्ता ओलांडून ओटीवर यायचा. नळाला पाणी का न्हाय, गटार कुठं तुंबलं, तळ्याच्या काठावर मुरुम कोण टाकतो. रामनाथ बायकोला, म्हणजे सीताबाईंना म्हणायचे, सदस्य तसे आणि जनताही तशीच. सीताबाई एकदाच म्हणाल्या होत्या की ती खोटं तर बोलत नाही. ते त्यांनी ऐकून सोडून दिलं. सीताबाई वारल्यावर तर ओटीवर ते आणि वर्तमानपत्र एवढंच उरलं.

दोन हजार सातच्या मार्चमध्ये एका सकाळी मोहिउद्दीन त्यांच्याकडे आला. मोहिउद्दीनचे टेमघरला कापडाचे लूम होते, पण घर वडटेंभ्यातलं, तीन पिढ्यांचं, आणि घरामागची चिकूची वाडी गावतळ्याला लागून. रामनाथांच्या वयाचाच. रोज लूमवर जाताना ओटीपाशी थांबून दोन शब्द बोलायचा. त्या दिवशी तो थांबला, पण बसला नाही. खिशातून एक कागद काढून त्याने पुढे केला.

गावतळं भरून तिथे ट्रक उभे करायची जागा होणार, असं कानावर आल्यावर त्याने पंचायतीकडे हरकत घेतली होती. तळं गेलं की त्याची विहीर आटणार होती. पंचायतीने उत्तरादाखल ठरावाची नक्कल पाठवली होती. रामनाथांनी वाचली. मौजे वडटेंभे येथील तळे हे वापरात नसलेला खड्डा असून त्यापासून डासांचा ऊपद्रव होतो, सबब सदर खड्डा भरून वाहनतळासाठी देण्यास या ग्रामसभेची हरकत नाही. त्यांचं लक्ष आधी 'उपद्रव'मधल्या दीर्घ ऊकडे गेलं. मग खाली. दिनांक दोन ऑक्टोबर दोन हजार सहा. सर्वानुमते मंजूर. सूचक, श्री. रामनाथ हिरू मढवी, निवृत्त मुख्याध्यापक. आणि त्यापुढे सही. त्यांचीच सही, मढवीतल्या वेलांटीला शेवटी जो झोका ते द्यायचे त्याच्यासकट.

"मास्तर," मोहिउद्दीन म्हणाला, "तुम्हाला तळं नको होतं तर नको. पण चाळीस साल एकाच रस्त्यावर राहतो आपण. एक दफा बोलायचं तरी."

रामनाथ म्हणाले की ही सही माझी नाही. मोहिउद्दीनने कागदाकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, आणि कागद परत न घेता लूमवर निघून गेला. त्याला ते पटलं नव्हतं, हे त्याच्या पाठीवरूनच कळत होतं.

त्या दिवशी रामनाथ ती बावीस पावलं चालले. कार्यालयात हितेश होता आणि ग्रामसेवक होता. ग्रामसेवकाला सगळं गाव भाऊसाहेब म्हणायचं. मऊ आवाजाचा, नेटका माणूस. दर वर्षी त्याच्या बदलीचा हुकूम यायचा आणि दर वर्षी रद्द व्हायचा. हितेशने उठून खुर्ची दिली. रामनाथ बसले नाहीत. त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि ही सही कोणी केली, असं विचारलं.

हितेशने कागद हातात घेऊन लांब धरला, जवळ धरला. "तुमचीच दिसते गुरुजी. आख्ख्या गावाच्या पेटीत हाय ही सही. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर." मग हसून म्हणाला, "आन तुमच्याच हाताखाली गिरवायला शिकलो ना आमी."

भाऊसाहेब खाली मान घालून कसला तरी तक्ता भरत राहिला. आयुष्यभर ज्या पोरांना रामनाथांनी एका नजरेत गप्प केलं होतं, त्यांतलं एक समोर बसून त्यांच्यावर हसत होतं, आणि त्या हसण्यात राग नव्हता, भीती नव्हती, नुसती कीव होती. ते घरी आले. सुनेने दिलेला चहा बाजूला सारून त्यांनी तिला घडलेलं सांगायला सुरुवात केली.

सून क्षितिजा वळच्या एका गोदामात ऑफिसात कामाला होती. मालाच्या पावत्या कॉम्प्युटरवर चढवायची. तिला कागदांची भीती नव्हती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की आता माहितीचा अधिकार आहे, साध्या कागदावर अर्ज करायचा, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं, की ठरावांच्या नकला द्याव्याच लागतात. अर्ज कुणाकडे करायचा, असं रामनाथांनी विचारलं. ती म्हणाली, माहिती अधिकारी म्हणजे ग्रामसेवकच.

भाऊसाहेबाने अर्ज घ्यायला नकार दिला. मग तो रजिस्टर पोस्टाने गेला, बावीस पावलांवरच्या कार्यालयात भिवंडीहून फिरून. महिना उलटला. उत्तर नाही. वर अपील केलं. शेवटी मे संपता संपता नकलांचा एक जाडजूड गठ्ठा आला, दोन हजार सालापासून सात वर्षांच्या ग्रामसभांचा.

रामनाथ सवयीने तांबडं पेन घेऊन बसले. पहिल्या काही पानांवर त्यांनी ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्तही केले. मग पेन बाजूला पडलं. सात वर्षांत एकेचाळीस ठरावांना सूचक म्हणून त्यांचं नाव होतं. गावात त्यांच्याइतका कार्यतत्पर नागरिक दुसरा नव्हता. गुरचरणाच्या कडेने गोदामाचा रस्ता त्यांनी सुचवला होता. स्मशानाच्या शेडचं काम पूर्ण झाल्याबद्दल समाधान त्यांनी व्यक्त केलं होतं, आणि स्मशानाला आजतागायत शेड नव्हती. पंचायत सदस्यांना सुशासन आणि नीतिमत्ता या विषयावर दोन दिवसांचं प्रशिक्षण मिळावं, अशी तळमळही त्यांनाच लागली होती. ते प्रशिक्षण अकलोलीला झालं. नऊ सदस्य दोन दिवस गरम पाण्याच्या कुंडांत डुंबून आले होते, हे सगळ्या गावाला माहीत होतं. हितेश तिथून परत आला तेव्हा त्याच्या पाठीची उसण गेल्याचं तो चार दिवस सांगत होता. नीतिमत्तेचं पुढे काय झालं ते कुणी विचारलं नाही.

संध्याकाळ झाली तरी ते वाचतच होते. एका पानावर ते थांबले. पंधरा ऑगस्ट दोन हजार तीन, सकाळी अकरा. गावातल्या दिवाबत्तीचा ठराव. सूचक, श्री. रामनाथ हिरू मढवी.

चौदा ऑगस्टच्या संध्याकाळी सीताबाई गेल्या होत्या. पंधराला झेंडावंदन उरकून सगळं गाव स्मशानात आलं होतं. अकरा वाजता रामनाथ चितेपासून दहा हातांवर, ओल्या धोतरात उभे होते. तिरडीला पुढून उजवीकडचा खांदा हितेशने दिला होता. तो त्या दिवशी रडलाही होता. सीताबाई शाळेतल्या पोरांना उकडलेल्या शेंगा द्यायच्या, त्यातलाच तो एक. आणि तिथून घरी जाऊन, अंघोळ करून, त्याने ह्या पानावर अध्यक्ष म्हणून सही केली होती.

क्षितिजा दिवा लावायला आली तेव्हा सासऱ्यांच्या मांडीवर ते पान होतं. त्यांनी तिला ते दाखवलं नाही. एवढंच म्हणाले की या गठ्ठ्यात धोंडूबाईचं नाव कुठे सापडतं का ते बघ. दोघांनी मिळून पुन्हा पहिल्यापासून पाहिलं. सात वर्षं, अठ्ठावीस ग्रामसभा. ज्या बाईच्या आवाजाने ते खिडक्या लावत होते, ती त्या कागदांत एकदाही तोंड उघडत नव्हती. हजेरीत नव्हती, चर्चेत नव्हती, विरोधात नव्हती. सगळं सर्वानुमते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते तळ्याआळीत गेले. धोंडूबाई तळ्याच्या पायरीवर बसून माठाच्या जुड्या धूत होती. तळ्याचा पूर्वेकडचा कोपरा मुरुमाने तांबूस झाला होता. रामनाथांनी तिला सगळं सांगितलं. सांगताना त्यांना वाटत होतं की ही चिडेल, शिव्या घालेल, हितेशच्या दारात जाऊन उभी राहील. ती जुडी झटकून टोपलीत ठेवत राहिली.

"माझं नाव न्हाय ते मना ठाव हाय," ती म्हणाली. "त्यो भाऊसाहेब पेन खाली ठेवायचा मी उठली का. पन तू कुठं व्हतास, मास्तर?"

ते म्हणाले की मी येत नव्हतो, पण याचा अर्थ असा नाही की...

"तू खिडकी लावायचास," धोंडूबाई म्हणाली. "मना दिसायचं तिथनं. मी बोलाय उठली का तुझी खिडकी लागायची. मी म्हनायची, शिकलेला मानूस हाय, त्याला आपला वास येत असंल." ती उठली, टोपली डोक्यावर घेतली. "त्यांनी तुझं नाव चोरलं त्याचं तुला लय लागलं. तळं चोरलं त्याचं कवा लागनार व्हतं?"

आणि ती बाजाराच्या टेम्पोकडे निघून गेली. आयुष्यात रामनाथांना इतकं कुणी बोललं नव्हतं. घरी परतताना त्यांना हितेशचा जेवढा तिरस्कार वाटत होता, त्याहून अधिक स्वतःचा वाटत होता, आणि हे त्यांना नवीन होतं.

खोट्या सह्यांबद्दल त्यांनी वर लेखी तक्रार केली, आणि जूनच्या अखेरीस तिची सुनावणी तालुक्याच्या ठिकाणी लागली. ते क्षितिजाला घेऊन गेले. अधिकारी तरुण होता आणि त्याला त्या दिवशी अशा नऊ सुनावण्या होत्या. त्याने रामनाथांना पहिला प्रश्न विचारला, की गेल्या सात वर्षांत आपण किती ग्रामसभांना हजर होतात. रामनाथ म्हणाले, एकाही नाही. सूचना मिळत होती का? मिळत होती, दवंडी दारासमोरूनच जायची. मग तिथे काय ठरलं आणि काय नाही, हे आपण कशावरून सांगता? अधिकाऱ्याच्या आवाजात कंटाळा होता, आणि कंटाळ्याच्या खाली थोडा उपहास. भाऊसाहेबाने अदबीने उभं राहून सांगितलं की गुरुजी वयस्क आहेत, सभेला येणं जमत नाही, पण ओटीवर बसून सगळं ऐकत असतात. त्यांची तोंडी संमती असायची, सही नंतर घरी जाऊन घेतली जायची. गुरुजींना आता आठवत नसेल. आम्हाला त्यांच्याबद्दल आदरच आहे.

हितेशने मान डोलावली.

रामनाथांनी पिशवीतून दोन कागद काढले. एक पंधरा ऑगस्टच्या सभेची नक्कल, खाली हितेशची आणि भाऊसाहेबाची सही असलेली. दुसरा सीताबाईंचा मृत्यूचा दाखला. त्यावर तारीख होती, त्याला जोडलेल्या पंचायतीच्या नोंदवहीच्या उताऱ्यात अंत्यविधीची वेळ होती, आणि खाली भाऊसाहेबाची सही होती. ते म्हणाले, "साहेब, या दिवशी अकरा वाजता मी बायकोला अग्नी देत होतो. हे दोघेही तिथे होते. ह्या दाखल्यावर सही कुणाची आहे आणि त्या ठरावावर कुणाची आहे, ते आपण वाचावं."

अधिकाऱ्याने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि दोन्हींवरच्या सह्यांवरून बोट फिरवलं. हितेश पहिल्यांदाच खिडकीबाहेर बघू लागला. त्याचा चेहरा लाल झाला होता. पण तो शरमेने झाला की पकडलं गेल्याने, हे रामनाथांना ठरवता येईना, आणि ते ठरवायची त्यांना गरजही वाटली नाही.

जो हुकूम निघाला तो अर्धाच होता. बाकीच्या चाळीस ठरावांबद्दल 'लेखनप्रमाद' असा शब्द वापरला होता. इतका सुंदर शब्द या कामासाठी वापरलेला बघून रामनाथांनी त्याखाली तांबडी रेघ ओढली. ग्रामसेवकाला समज देण्यात आली. मात्र तळ्याचा ठराव स्थगित करून तो पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेपुढे पुन्हा ठेवावा, असं स्पष्ट लिहिलं होतं.

बाहेर व्हरांड्यात भाऊसाहेब त्यांच्याजवळ आला. चहा घेणार का म्हणाला. रामनाथांनी मानेनेच नको म्हटलं. तो तरीही थांबला, आणि जणू एखादी ऑफिसातली साधी बाब समजावून सांगावी तसा हळू बोलला.

"गुरुजी, राग मानू नका. जो येतो त्याचं नाव घालायची आम्हाला भीती वाटते. धोंडूबाईचं घातलं असतं तर दुसऱ्या दिवशी ती चौकात उभी राहिली असती. तुमचं घातलं तर कुणी शंका घेत नाही, आणि तुम्ही तर विचारायला येणारच नाही. सात वर्षं आला नाहीत. दरवेळी मला वाटायचं, आता येतील. नाही आलात."

त्यात कुचेष्टा नव्हती. तो खरंच एक अनुभव सांगत होता. क्षितिजाने सासऱ्यांचा दंड धरला, कारण ते जागेवरून हलेनात.

पंधरा ऑगस्टला सीताबाईंना जाऊन चार वर्षं आणि एक दिवस झाला होता. रामनाथ पांढरा सदरा घालून अकराच्या आधीच कार्यालयात जाऊन बसले. खुर्च्या सदस्यांसाठी होत्या, बाकीच्यांना सतरंजी. ते सतरंजीवर बसले. लोक येत होते आणि त्यांच्याकडे बघून एकमेकांना कोपर मारत होते. तळ्याआळी सगळी आली होती, बायका पोरांसकट. मोहिउद्दीन त्याच्या चार चुलतभावांना घेऊन आला आणि रामनाथांपासून दोन हात सोडून बसला. धोंडूबाई दाराजवळ तिच्या नेहमीच्या जागी.

भाऊसाहेबाने शिरस्त्याप्रमाणे आधी कोऱ्या वहीवर हजेरीच्या सह्या गोळा करायला सुरुवात केली. वही रामनाथांपर्यंत आली तेव्हा ते उठून उभे राहिले. म्हणाले की सही देतो, पण आज जे होईल ते सभा संपायच्या आत लिहून, मोठ्याने वाचून दाखवलं जावं, आणि वाचून झाल्याशिवाय कुणी उठू नये. मागून कुणी तरी म्हणालं, "मास्तर, परीक्षा घेनार काय?" हसू उठलं. रामनाथ उभेच राहिले. हसू संपेपर्यंत उभे राहिले. मग म्हणाले, "हो."

हितेशने तळ्याचा विषय पुकारला. तो निवांत होता. गावाला रोजगार मिळेल, ट्रक थांबतील, टपऱ्या निघतील, डास जातील, असं सगळं तो सांगू लागला. पण सांगता सांगता त्याची नजर सतरंजीवर फिरली आणि शब्द अडखळले. त्याची माणसं आलीच नव्हती. त्याचे भाऊबंद, डंपरवाले, ज्यांची त्याने कामं केली होती ते सगळे, झेंडावंदनाचे लाडू घेऊन घरी गेले होते. यायची गरज असते हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सात वर्षं कागदावर बहुमत मिळवणाऱ्याला खरी माणसं जमवायची सवय राहिली नव्हती. नऊ सदस्यांतले सहा हजर होते, त्यातला एक डुलक्या काढत होता. हितेशने खुणेने कुणाला तरी बाहेर पिटाळलं. पाच-सात जण धापा टाकत आले, त्यांतल्या दोघांना विषय काय तेही ठाऊक नव्हतं. गणसंख्या नाही म्हणून सभा तहकूब करावी, असं भाऊसाहेब पुटपुटला. क्षितिजाने मोजून सांगितलं, लागतात शंभर, आहेत एकशे अठरा.

धोंडूबाई उठली. सवयीने भाऊसाहेबाने पेन खाली ठेवलं. रामनाथ पुढे जाऊन टेबलाशी उभे राहिले, वर्गात शुद्धलेखन घालताना उभे राहायचे तसे. भाऊसाहेबाने पेन उचललं.

ती फार बोलली नाही. म्हणाली की ह्या तळ्यात आमची भाजी धुतली जाते, आमची गुरं पितात, गेली दोन वर्सं पावसाचं पानी घरात शिरलं ते पूर्वेचा कोपरा बुजवल्यामुळं. हा खड्डा न्हाय, तळं हाय. खड्डा बघायचा तर सरपंचाच्या खदानीत जा. "लिव," ती भाऊसाहेबाला म्हणाली. "धोंडूबाई बोलली, असं लिव."

हात वर झाले. तळं भरायला एकवीस. नको म्हणणारे त्र्याण्णव. बाकीच्यांनी हात वर केलेच नाहीत. भाऊसाहेबाने कार्यवृत्त वाचून दाखवलं, त्यात त्याने 'तळे' ऐवजी पुन्हा 'खड्डा' लिहिलं होतं, ते तळ्याआळीच्या बायकांनी ओरडून खोडायला लावलं. हितेश सही करून, कुणाकडे न बघता, गाडीत बसला.

यापुढे काही मोठं घडलं नाही. भाऊसाहेबाची बदली त्या वर्षी मात्र रद्द झाली नाही, आणि तो दुसऱ्या गावी रुजू झाला. तिथेही एखादा निवृत्त मास्तर, एखादा सुभेदार, एखादा शहाणा माणूस ओटीवर बसलेला असेलच, आणि भाऊसाहेबाला तो सापडायला वेळ लागला नसेल. हितेश सरपंच राहिला. पुढे तो वरच्या निवडणुकीलाही उभा राहिला आणि निवडून आला, तळ्याआळी सोडून बाकीच्या गावाने त्याला मतं दिली. चाळीस ठराव तसेच आहेत. गुरचरणाच्या कडेचा रस्ता रामनाथांनीच सुचवलेला आहे, असं पंचायतीचं दप्तर आजही सांगेल. तळ्याच्या पूर्वेच्या कोपऱ्यातला मुरुम काढावा, असा अर्ज मोहिउद्दीनने दोनदा दिला. तो मुरुम अजून तिथेच आहे आणि त्यावर आता टाकळा उगवतो.

मोहिउद्दीन ओटीपाशी पुन्हा थांबायला लागला, पण पूर्वीइतका वेळ नाही.

दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेला रामनाथांनी आयुष्यातला पहिला ठराव मांडला. तळ्याचं पाणी स्वच्छ राहावं म्हणून तिथे भाजी आणि कपडे धुण्यास मनाई करावी. दोन दिवस बसून त्यांनी भाषा घासूनपुसून तयार केली होती. ऱ्हस्व-दीर्घात एक चूक नव्हती. धोंडूबाई उठली आणि म्हणाली, मग भाजी काय मास्तरच्या मोरीत धुवायची? नव्या ग्रामसेवकाने ते शब्द जसेच्या तसे लिहून घेतले. ठरावाच्या बाजूने नऊ हात वर झाले, त्यात एक हितेशचा होता. तो मुद्दाम, हसत, रामनाथांकडे बघत वर केलेला. ते नऊ हात बघून रामनाथांना स्वतःची लाज वाटली. ठराव पडला.

ते घरी आले. क्षितिजाने जेवायला वाढलं आणि काय झालं ते विचारलं. माठाची भाजी होती. त्यांनी सांगितलं की धोंडूबाईचं बरोबर होतं, आणि भाजी आणि कपडे धुवायला काठावर एक वेगळा दगडी घाट बांधून मागायला हवा होता, ते आपल्याला सुचलं नाही. मग जेवता जेवताच त्यांनी तिला कागद आणायला सांगितला, आणि हे आधी तळ्याआळीत जाऊन विचारून घेतो, मग लिहितो, असं म्हणून तो कागद कोराच घडी करून खिशात घातला.